वाळायचे दिवस

पाऊस गेला, असं कुणी सांगितलं की मी आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग आभाळाकडे. दोघांवरही माझा विश्वास नाही. काल संध्याकाळी माकुणसारच्या आमच्या ओट्यावर शेजारचे तात्या येऊन टेकले आणि म्हणाले, "गेला हो एकदाचा." मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला सांगून गेला का?" बायको आतून म्हणाली, "त्यांच्या नादी लागू नका. ते देवळात गेले तरी घंटा किती जणांनी वाजवली ते मोजत बसतात." खोटं नाही. बोईसरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी उभं आयुष्य बांधकामांची एस्टिमेटं करण्यात घालवलं. काय लागेल, किती लागेल आणि मुख्य म्हणजे किती दिवस लागतील. असल्या माणसाचा स्वभाव दुसरा कुठला होणार? पण ऑक्टोबर लागून हवेत कापल्या भाताचा वास यायला लागला की हाच संशय उलटा फिरून माझ्या अंगावर येतो. मग मी ओट्यावरून उठतो, वाडीत जाऊन पानवेलींना उगाच हात लावतो आणि थोड्या वेळाने परत येऊन बसतो.

आमच्या धंद्यात विश्वास ठेवून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. रेती कधी कधी खाडीची असायची, म्हणून ट्रक आला की चिमूटभर जिभेवर ठेवायची. खारट लागली तर ट्रक परत. ड्रायव्हर शपथेवर सांगायचा, नदीची आहे. त्याची शपथ त्याच्याकडे, जीभ माझ्याकडे. खडीचा ट्रक लांबून बघावा तर मधे डोंगर, आणि वर चढून पाहावं तर चारी कोपऱ्यांत खड्डे. सिमेंटची गोणी उचलून बघायची, नुसती मोजायची नाही. हे सगळं मी नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत शिकलो आणि मला त्याचा केवढा अभिमान होता. जेवायला बसलो तरी भाकरीची जाडी बघायचो, असं आई म्हणायची.

दिवसांचं मात्र निराळं होतं. रेती जिभेला कळते, दिवस कशाला कळणार? म्हणून दिवसांना आम्ही चोरखिसा ठेवायचो. शिंपी शर्टाला आतून शिवून देतो ना, तसाच. स्लॅबला वीस दिवस लागणार असतील तर मी पंचवीस लिहायचो. आमच्या ठेकेदार शेठना ते पक्कं माहीत. ते माझ्या आलेखाच्या कागदावर, मी लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवलेल्या पट्ट्यांवर बोट फिरवत विचारायचे, "राऊत, चोरखिसा कुठे शिवलात?" मी हसायचो, ते चार दिवस कापायचे, मग दोघंही खूश. पुढल्या खेपेला मी सहा दिवस जास्त लिहायचो, कारण चार कापले जाणार हे मला ठाऊक असायचं. शेठ माणूस वाईट नव्हते. पालघरला त्यांचं मोठं घर होतं आणि दिवाळीला आम्हा सगळ्यांच्या घरी ते स्वतः फराळ घेऊन यायचे. पण माझ्या एकाही आकड्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही आणि मी कधी त्यांना विश्वास ठेवण्याजोगा आकडा दिला नाही.

ज्या वर्षाबद्दल सांगतोय ते ऐंशीच्या दशकाच्या मधलं. औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याला मोठं गोडाऊन हवं होतं. मुंबईचे आर्किटेक्ट आले, परदेश बघून आलेले, आणि त्यांनी टेबलावर नकाशा पसरून सांगितलं की भिंती बांधायच्या नाहीत. आधी जमिनीचा सपाट कोबा करायचा. मग त्या कोब्यावरच, पापड लाटावा तशा, भिंती आडव्या ओतायच्या. काँक्रीट पुरतं कडक झालं की मुंबईहून मोठी क्रेन आणायची आणि एकेक भिंत उचलून जागेवर उभी करायची. अठरा भिंती, दोन दिवसांत उभ्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा माणूस आपल्याला खड्ड्यात घालणार. त्या गृहस्थांच्या बुटांना चिखलाचा एक डागही नव्हता. ज्याच्या बुटाला चिखल नाही त्याने सांगितलेले दिवस मी निम्मे धरत नाही, दुप्पट धरतो.

एस्टिमेट करायला बसलो आणि पहिल्यांदाच हात थांबला. असं काम पालघर, बोईसर, तारापुरात कुणी केलेलं नव्हतं. कुणाला विचारणार, कुठल्या जुन्या कागदावरून आकडा उचलणार? चोरखिसा शिवायला आधी शर्टाचं माप तरी हवं. मी दोन दिवस पुस्तकं चाळली, आर्किटेक्टना ट्रंक कॉल लावला आणि शेवटी ओतलेल्या भिंतीवर पाणी मारायच्या रकान्यात लिहिलं, चौदा दिवस. त्यात एक दिवसही लपवलेला नव्हता. नोकरीतला माझा तो पहिला खरा आकडा असेल.

पावसाचा जोर ओसरला तसं काम लागलं. कोबा घातला, घासून आरशासारखा केला. आमचा मुकादम होता लाहनू, विक्रमगडच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. काळा, बारीक, बोलणं कमी. डोंगरातली आठ-दहा माणसं घेऊन तो आमच्याकडे कामाला यायचा आणि सालवडला एका झोपडीत राहायचा. त्याच्या डोंगरात दोन तुकडे भात होतं, पावसावरचं. कोब्याला वरची भिंत चिकटू नये म्हणून मधे साबणाच्या पाण्याचे आणि मेणाचे हात द्यायचे होते. लाहनू रोज साबण मागायला यायचा. एवढा साबण? माझ्या डोक्यात लगेच किडा वळवळला. मी वड्या मोजून द्यायला लागलो, कागदसुद्धा परत मागायला लागलो. तो गुमान कागद आणून द्यायचा, चौकोनी घडी घालून. एकदा म्हणाला, "सायब, आमी खोबऱ्याच्या काथ्यानं अंग घासतो. साबण नाय लागत आमाला." मी म्हटलं, बरं बरं. आणि दुसऱ्या दिवशीही वड्या मोजल्या.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. मागच्या नाल्याला कारखान्यांचं पाणी यायचं, एक दिवस निळं, एक दिवस जांभळं. त्याचा आंबूस दर्प, त्यात ओल्या गोणपाटाचा वास, आणि दुपारी वारा फिरला की पाम गावच्या बाजूच्या शेतांतून पिकत्या भाताचा वास. आडव्या भिंतींवर गोणपाटं पसरलेली असायची आणि बायका सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी शिंपडायच्या. एवढ्या मोठ्या आवारात एकही गोष्ट उभी नाही, सगळं निजलेलं. कारखान्याचे लोक कुंपणावरून बघायचे आणि विचारायचे, "काय हो, भिंती कधी बांधणार?" मी रागाने म्हणायचो, "बांधल्यात." ते एकमेकांकडे बघून जायचे. मलाही रोज सकाळी वाटायचं, या कधी उठायच्याच नाहीत.

शेवटच्या सहा भिंती ओतल्या त्या संध्याकाळी शेठनी आलेखाचा कागद पुढे ओढला.

"चौदा दिवस पाणी? राऊत, पाणी मारायला काय अक्कल लागते? दोन बायका आणि दोन बादल्या. बाकीची माणसं काय करणार, भिंतीकडे बघत बसणार? दहा करा."

"शेठ, या वेळी खरे चौदा आहेत."

"दर वेळी खरेच असतात." त्यांनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चौदावर रेघ मारली. क्रेन दहाव्या दिवसासाठी ठरली. मुंबईहून येणार, दिवसावर भाडं, चालली तरी आणि उभी राहिली तरी. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. शेठचा मला राग आला नाही, माझाच आला.

चौथ्या दिवशी लाहनू ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. मी आणि दोन सुपरवायझर चहा पीत होतो.

"सायब, पाच दीस घरी जाया पायजे. भात पिकलाय."

"पाच? दोन तुकड्यांना पाच दिवस?"

त्याने बोटं मोजली. "दोन दीस कापाया. दोन दीस शेतात पडून वाळाया. एक दीस भारे बांधून घरी आणाया. आन नवव्या दिशी मी हितं."

माझ्या डोक्यात हिशेब पळायला लागला. भिंती उचलायच्या लोखंडी आकड्यांभोवतीचं खरडून साफ करायचं, पायात जिथे भिंती बसणार ते खाचे तयार करायचे, हे काम त्याच्याशिवाय कुणाला धड येत नव्हतं आणि त्याला दोन-तीन दिवस हवेत. नवव्याला आला तर दहाव्याला क्रेनपुढे मी काय दाखवू? शिवाय आतला किडा होताच: पाच मागतोय म्हणजे तीन लागत असतील. मी तसंच करायचो, मग हा का करणार नाही?

मी कपातला चहा संपवला आणि म्हणालो, "वाळतं ते भात, तू नाही वाळत. त्या दोन दिवसांत तू काय करणार, बांधावर बसून बिड्या ओढणार? तीन दिवस. सातव्या दिवशी इथे."

दोघे सुपरवायझर हसले. मीही हसलो. फार छान बोललो असं मला वाटलं होतं, हे लपवून काय करू? लाहनू हसला नाही. "बरं" म्हणाला आणि मनोरकडे जाणारी एसटी पकडायला गेला.

आता या वयात मला कळतं ते असं की ज्या माणसाने चार दिवसांपूर्वी शेठपुढे चौदा दिवसांचा आग्रह धरला होता, ज्याला ठाऊक होतं की पाणी मारायचे दिवस हे रिकामे दिवस नसतात, भिंत निजलेली दिसते पण आत काम चालू असतं, तोच माणूस हे वाक्य बोलला होता. शेताला आणि काँक्रीटला एकच नियम. आडवं ठेवायचं, वेळ द्यायचा, मग उचलायचं. लाहनूला तो शिकवावा लागला नव्हता. मला पुस्तकं चाळून कळला आणि चार दिवसांत मी तो विसरलोही. आमची माकुणसारची वाडी पानवेलींची, केळींची. वर्षभर थोडं थोडं हातात पडणारं. सगळं वर्ष एका आठवड्यात शेतात आडवं पडून राहतं, ही गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. पण हे कारण झालं. खरं ते एवढंच की तो खोटं बोलतोय असं मी धरून चाललो, कारण मी बोलत आलो होतो. चोराच्या मनात चांदणं.

सातव्या दिवशी सकाळी लाहनू हजर. मला वाटलं, बघा, तीनच लागत होते. "झालं ना?" मी विचारलं. "कापलाय," तो म्हणाला आणि पहार घेऊन खाच्यांकडे गेला. मी पुढे काही विचारलं नाही.

आठव्या दिवशी दुपारी वारा पडला. पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, आभाळ शाईसारखं झालं. पाऊस गेला असं साऱ्या बोईसरने ठरवून टाकलं होतं, मीसुद्धा, आणि मी तर असल्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. तो आला तो दोन दिवस थांबलाच नाही. लाहनू पत्र्याच्या शेडमध्ये उकिडवा बसून डोंगराच्या दिशेला बघत होता. काम काही नव्हतं. खाच्यांत पाणी भरलं होतं, आवाराचा चिखल झाला होता. मी त्याच्या बाजूने दोनदा गेलो. त्याने मान वळवली नाही. मी मनाला सांगितलं, इथे पडतोय म्हणून तिकडे पडत असेलच असं नाही.

दहाव्या दिवशी क्रेन हायवेपर्यंत आली आणि चिल्हार फाट्यावर थांबली. तिचा ऑपरेटर, एक उंच सरदारजी, एसटीने पुढे येऊन आमची जमीन बघून गेला. बूट काढून अनवाणी फिरला, टाच रोवून बघितली. "साहब, इस कीचड़ में मशीन डालूँगा तो निकालेगा कौन? ज़मीन सूखने दो," म्हणाला. शेठ तोंडातल्या तोंडात काही बोलले. वाट बघण्याखेरीज कुणाच्या हातात काही राहिलं नाही.

अकराव्या दिवशी ऊन पडलं आणि दुपारी लाहनूची बायको सुकरी आली. मी तिला ओळखत नव्हतो. कंबरेला लहान मुलगी, मागे काठी टेकत सासू, डोक्यावर गाठोडं. ती लाहनूसमोर उभी राहिली आणि पदर सोडून तिने मूठभर भाताच्या लोंब्या त्याच्या हातात दिल्या. मी शेडच्या दाराशी होतो. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटले होते. ओलं भात दोन दिवस पाण्यात पडून राहिलं की ते पुन्हा उगवायला लागतं. दिसतं कोवळं, गोड, आणि खायच्या कामाचं राहत नाही.

"समदा?" लाहनूने विचारलं.

"खालचा तुकडा समदा गेला. वरचा थोडा हाय. आमी दोघी किती उचलणार? म्हातारीला वाकाया येत नाय."

मग तिने मला पाहिलं. मी साहेब आहे हे तिला माझ्या कपड्यांवरून कळलं असणार. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तिने आवारात सगळीकडे नजर फिरवली आणि साधेपणाने विचारलं, "सायब, ती मशीन कुठं हाय?"

"हायवेला उभी आहे. जमीन वाळल्याशिवाय आत येत नाही."

"मंग याला कशाला बोलावला?"

शेठनी दिवस कापले, क्रेनचं भाडं, खाचे, सगळं डोक्यात होतं. त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. लाहनूच तिला म्हणाला, "तू सावलीत बस," आणि लोंब्या शेडच्या कडेला ठेवून दिल्या.

भिंती पंधराव्या दिवशी उठल्या. त्या दिवसाचं वर्णन करण्यात माझं खरं तर मन लागायला हवं, कारण तसं दृश्य मी परत पाहिलं नाही. साखळ्या ताणल्या, भिंत थरथरली, एका कडेने कोब्यापासून सुटली आणि खालून साबणाचा ओला वास आला. एकही भिंत चिकटली नाही. मोजून दिलेल्या वड्यांतून लाहनूने ते सारं करून दाखवलं होतं. माणसं ओरडत होती, शेठ नारळ हातात घेऊन लहान मुलासारखे नाचत होते. आर्किटेक्टच्या बुटांना अखेर चिखल लागला. लाहनू पहार लावून प्रत्येक भिंतीचा पाय खाच्यात बसवत होता, अठराच्या अठरा. शेठ मला म्हणाले, "बघा राऊत, तुमच्या चौदाची काही गरज नव्हती." पंधरा दिवस झाले होते, पण ते त्यांनी मोजले नाहीत.

त्या महिन्याच्या हजेरीत मी लाहनूच्या नावापुढे पाच दिवस जास्त लिहिले. अंगठा उठवायला आला तेव्हा त्याने फुल्या मोजल्या, अक्षर येत नव्हतं तरी. "हे पाच दीस मी केले नाय," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "नाय सायब, खोडा." मला खोडावे लागले. त्याच्या घरची सगळी त्या वर्षी पावसाळ्यापर्यंत सालवडलाच राहिली. सुकरी आमच्या पुढच्या साइटवर गोणपाटांवर पाणी मारायच्या कामाला लागली. डोंगरातलं घर बंद.

ते गोडाऊन अजून आहे. रंगाच्या कारखान्याचा मालक तीनदा बदलला. एसटीतून जाताना भिंती दिसतात आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी सांगतो की या भिंती आधी निजलेल्या होत्या. तो माझ्याकडे संशयाने बघतो. बघू दे.

पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात आम्ही पामजवळ दुसरं एक काम धरलं होतं. वर्षभर मी मनाशी ठरवून बसलो होतो की या वेळी लाहनू येईल, पाच म्हणेल, आणि मी पाच देईन. तो आला, दारातच उभा राहिला.

"सायब, दहा दीस पायजेत."

पाच लागणाऱ्या माणसाने दहा मागितले होते. तो माझ्याकडे न बघता चौकटीकडे बघत होता. बोटं मोजली नाहीत. किती कापले की किती उरतील हे त्याने येताना वाटेत ठरवलं असणार. मी म्हटलं, "घे. दहाच्या दहा घे, लाहनू."

तो हलला नाही.

"दहा?"

"दहा. जा. वाळू दे नीट."

त्याचा चेहरा उतरला. "कामावरनं काढलं का मला?"

मी खुर्चीवरून उठलो. त्याच्या जवळ जाऊन सांगितलं की नाही, तुझी जागा तुझीच आहे, कुणी घेणार नाही. माझ्या मुलाची शपथ घेतली. तो ऐकत होता, मी रेतीवाल्याची शपथ ऐकायचो तसाच. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी साइटवर गेलो तेव्हा लाहनू हजेरीला लागलेल्या कामगारांच्या रांगेच्या शेवटी उभा होता. पायांना शेतातली माती तशीच होती.

मी विचारलं, "अरे, भात?"

"कापलाय. पडलाय वाळत," तो म्हणाला. "माजी जागा हाय का, ते बघाया आलो."